बर्थाबाईंची मोटार

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने दोन पाने तरी लिहून द्यावीत, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि मंडळाच्या पापडांचा हिशेब यापलीकडे हातात लेखणी धरायचा प्रसंग फारसा येत नाही. पण एका बाईंचे चरित्र गेले वर्षभर माझ्या मनात घोळत आहे. तेच जमेल तसे भगिनींपुढे ठेवते. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

त्या बाईंकडे मी कशी वळले ते आधी सांगायला हवे, कारण त्यात थोडा माझाही दोष आहे. मागच्या वर्षी आपल्या मंडळाचे पापड, लोणची आणि मसाले घेऊन आपण सातजणी भाड्याच्या टेम्पोने पाचगणीला विक्रीसाठी निघालो होतो, ते आपल्याला आठवत असेल. वाईपर्यंत गाडी कशी छान चालली. पसरणीचा घाट लागला आणि ती आचके देऊ लागली. पहिल्या वळणापुढे बंद पडली. दहा मिनिटे थांबलो, पुन्हा सुरू झाली. थोडे अंतर गेलो, पुन्हा बंद. असे चार वेळा झाले. आपण कठड्याशी उभ्या, ऊन डोक्यावर, मसाल्याच्या पिशव्या मांडीवर आणि येणारे-जाणारे आपल्याकडे बघून हसत होते. शेवटी आपण अर्ध्या वाटेवरून परत आलो. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, हा बाहेर विक्रीचा नाद आता पुरे, घरच्या घरी जेवढे खपेल तेवढेच करावे, असे बोलणारी पहिली बाई मीच होते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीने वाचनालयातून मोटारीच्या इतिहासाचे एक पुस्तक आणले होते. दुपारी निवडणे-टिपणे आटोपल्यावर मी ते सहज उघडले आणि त्यात मला बर्था बेंझ भेटल्या. सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची जर्मनीतली ही बाई. तिचीही गाडी वाटेत पुन्हा पुन्हा बंद पडली होती. ती मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरली नाही.

बर्थाबाईंचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतल्या फोर्त्सहाईम या गावी झाला. डोंगराळ मुलुखाच्या तोंडाशी वसलेले हे गाव सोन्याच्या दागिन्यांच्या कामासाठी प्रसिद्ध. वडील रिंगर हे सुतारकामातून वर आलेले, घरे बांधणारे खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. असे सांगतात की, मुलांच्या जन्माची नोंद घरच्या धर्मग्रंथात करताना, पुन्हा मुलगीच झाली म्हणून वडिलांनी तिथे हळहळीचा एक शेरा लिहून ठेवला होता आणि मोठी झाल्यावर तो बर्थाच्या वाचनात आला. आपल्यापैकी किती जणींच्या जन्मावेळी घरात असाच सुस्कारा निघाला असेल! फरक इतकाच की आपल्याकडे तो कुणी लिहून ठेवत नाही.

मुलगी हुशार होती, शाळेत गेली. पण त्या काळी त्यांच्या बाडेन प्रांतात मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. ती उघडली 1900 साली. तोवर बर्थाबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. तेव्हा यंत्रांविषयी त्यांना जे काही कळले ते नवऱ्याच्या कारखान्यात उभे राहून, बघून, विचारून आणि स्वतःचे हात काळे करूनच कळले.

नवरा म्हणजे कार्ल बेंझ. ते 1844 सालचे. वडील आगगाडीच्या इंजिनाचे चालक होते, पण मूल दोन वर्षांचे असतानाच वारले. विधवा आईने काटकसर करून मुलाला कार्ल्सरूहे येथील तंत्रशाळेत शिकवले. घोड्याशिवाय चालणारी गाडी करायची, हे या मुलाच्या डोक्यातले वेड. बर्थाची आणि त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांच्याकडे ना पैसा, ना मोठे नाव. 1871 साली त्यांनी मानहाईम या शहरात एका भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायला आला. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या वाट्याचा हुंडा वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशाने भागीदाराला मोकळे केले. 20 जुलै 1872 रोजी दोघांचे लग्न झाले.

इथे मी थोडी थांबले होते. हुंडा या शब्दानेच आपल्या अंगावर काटा येतो आणि तो यावाच. पण या मुलीने काय केले ते पाहा. जो पैसा तिच्या नावाने दुसऱ्याच्या घरी जायचाच होता, तो कुठे लागावा हे तिने स्वतः ठरवले. तेही लग्नाआधी, कारण लग्न झाल्यावर तिथल्या तेव्हाच्या कायद्याने बायकोच्या पैशाचा कारभार नवऱ्याच्या हाती जाई. मोटारगाडीच्या पायात असा एका मुलीचा पैसा आहे.

लग्नानंतरची वर्षे ओढाताणीची गेली. मुले झाली. थोरला ऑयगेन 1873 चा, दुसरा रिचर्ड 1874 चा, मग क्लारा, मग थिल्डे, आणि पुढे 1890 मध्ये धाकटी एलेन. धंद्याला कर्ज होते. सावकारांचा तगादा होता. अशात कार्लसाहेब रात्रंदिवस एका इंजिनामागे लागलेले. 1879 सालची शेवटची रात्र. गावात लोक नव्या वर्षाच्या आनंदात आणि इकडे इंजिन काही केल्या चालत नाही म्हणून घरात उदासपणा. रात्रीच्या जेवणानंतर बर्थाबाईंनीच आग्रह धरला, की पुन्हा एकदा जाऊन बघू. दोघे कारखान्यात गेले आणि त्या रात्री ते इंजिन ठकठक करीत सुरू झाले. पुढे गावातल्या घंटा वाजू लागल्या तेव्हा या दोघांना वाटले की त्या आपल्याच इंजिनासाठी वाजत आहेत.

त्यानंतर सहा वर्षांनी, 29 जानेवारी 1886 रोजी, कार्लसाहेबांच्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज दाखल झाला. त्या पेटंटाचा क्रमांक 37435. मोटारगाडीचा जन्म जग याच दिवसापासून मोजते. त्या कागदावर बर्थाबाईंचे नाव कुठेही नाही. त्याच 1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ आपल्याला थोडा जवळचा वाटेल.

गाडी तयार झाली, पण तिला गिऱ्हाईक मिळेना. लोक गमतीने बघायला येत आणि हसून जात. घोडे बुजत. चार पावले जाऊन बंद पडणारे खेळणे, अशी तिची कीर्ती. कार्लसाहेब स्वभावाने सावध. अजून हे सुधारू, अजून ते बदलू, असे करीत गाडी कारखान्याच्या आसपासच फिरवीत राहिले. पापड उत्तम लाटावेत, पण नाक्यावर विकायला बसायची लाज वाटावी, तसे झाले. बर्थाबाईंच्या ध्यानात आले की गाडीला आता आणखी कानस नको आहे, तिला लांबचा रस्ता हवा आहे. लोकांनी ती एका गावाहून दुसऱ्या गावी पोचलेली पाहिली तरच त्यांचा विश्वास बसेल.

1888 सालच्या ऑगस्ट महिना. मुलांच्या शाळेला सुट्टी. एके दिवशी भल्या पहाटे, नवरा झोपेत असताना, एकोणचाळीस वर्षांच्या बर्थाबाई आपल्या दोन मुलांना घेऊन निघाल्या. ऑयगेन पंधरा वर्षांचा आणि रिचर्ड अजून चौदाचाही नव्हता. आजीकडे, म्हणजे फोर्त्सहाईमला जातो, एवढेच सांगणे मागे ठेवले होते. कशाने जातो ते सांगितले नव्हते. आवाजाने जाग येऊ नये म्हणून गाडी आधी हाताने ढकलीत घरापासून दूर नेली आणि मग मागचे मोठे चाक हाताने फिरवून इंजिन सुरू केले. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. पुण्याहून साताऱ्याला जाण्याइतके समजा. तोवर जगात कुणीही मोटारीने इतके लांब गेले नव्हते.

आता ही गाडी कशी होती ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. पुढे एक चाक, मागे दोन. वर छप्पर नाही. वळवण्यासाठी गोल चाक नाही, तर एक दांडा. इंजिन मागे, आडवे पडलेले आणि ताकद आजच्या स्कूटरच्या इंजिनाहूनही कमी. वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. रस्ते घोडागाड्यांचे, धुळीचे आणि चाकोऱ्या पडलेले. वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, मेस्त्री नाही. सगळ्या जगातच नाही!

मी इंजिन समजून घेतले ते माझ्या आईच्या पंपाच्या स्टोव्हवरून. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना लगेच समजेल. स्टोव्ह नीट जळायला रॉकेल वरपर्यंत पोचले पाहिजे, काडी लागली पाहिजे आणि हवा मिळाली पाहिजे. मोटारीचेही तसेच. इंधन आत पोचले पाहिजे, योग्य वेळी ठिणगी पडली पाहिजे, हवा मिळाली पाहिजे. शिवाय आतली उष्णता बाहेर गेली पाहिजे, नाहीतर भांडे करपावे तसे इंजिन करपते. चालती गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा यातलेच काहीतरी अडलेले असते. बर्थाबाईंच्या त्या एका प्रवासात ही सगळी दुखणी एकामागून एक पुढे आली.

पहिली अडचण इंधनाचीच. गाडीत जेमतेम साडेचार लिटर इंधन मावे. तेवढ्यात आजीचे गाव येणार कसे? त्या गाडीला लिग्रोईन नावाचे पातळ, पटकन उडून जाणारे तेल लागे. ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरीत आणि औषधाच्या दुकानात मिळे. हायडेलबर्ग मागे टाकून वीसलोख या गावी पोचल्यावर बर्थाबाईंनी तिथल्या औषधाच्या दुकानात गाडी उभी केली आणि होते नव्हते तेवढे लिग्रोईन विकत घेतले. दुकानदाराला वाटले असेल, या बाईच्या साडीवर, म्हणजे झग्यावर, केवढा मोठा डाग पडला आहे! आज त्या दुकानाला जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखतात.

तेल होते, तरी गाडी बंद पडली. तेल आत नेणारी बारीक नळी कचऱ्याने तुंबली होती. त्या काळी तिकडच्या बायका डोक्यावरची मोठी टोपी केसांत घट्ट राहावी म्हणून तिला लांब सुईसारखी पिन लावीत. बर्थाबाईंनी ती पिन उपसली आणि नळी साफ केली. हे वाचले आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी आई उभी राहिली. स्टोव्ह फुरफुरू लागला की ती पत्र्याच्या दांडीची ती बारीक पिन घेई, बर्नरच्या भोकात टोची आणि ज्योत पुन्हा निळी होई. तिला कुणी मेस्त्री म्हटले नाही, तिलाही तसे कधी वाटले नाही. पण काम तेच होते, तंतोतंत तेच.

पुढे ठिणगी अडली. ठिणगीसाठी वीज नेणाऱ्या तारेवरचे आवरण घासून गेले होते. उघडी तार लोखंडाला टेकली की वीज भलत्याच वाटेने निघून जाते आणि इंजिनाला ठिणगी मिळत नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी तार टेके आणि गाडी थांबे. यावर त्यांनी काय करावे? पायमोजे खाली सरकू नयेत म्हणून बायका पायाला एक ताणणारा पट्टा बांधीत. तो सोडला आणि तारेला गुंडाळला. लिहिताना मला जरा संकोच वाटतो, पण त्यांना भर रस्त्यात तो वाटला नाही, आणि न वाटला तेच बरे झाले.

मग उष्णता. त्या गाडीत इंजिन थंड ठेवायला पाणी असे आणि ते उकळून वाफ होऊन जाई. आजच्यासारखे ते पुन्हा पुन्हा फिरत नसे. म्हणून दर थोड्या अंतरावर विहीर, ओढा, खानावळ, जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरायचे. प्रवासभर हे चालू राहिले. तान्ह्या मुलाला घेऊन एस. टी. तून जाणाऱ्या बाईने दर थांब्यावर दूध-पाणी बघावे, तसे.

चाकांना ओढणारी साखळी ताणून सैल झाली. ब्रुखझाल गावी एका लोहाराने ती नीट करून दिली. लाकडी ब्रेक उतारावर घासून घासून झिजले, तेव्हा बाउशलॉट या गावी एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला असे अस्तर लावायची कल्पना तिथून निघाली असे म्हणतात. चढ आला की इंजिनाचा जीव थोडा पडे. मग खाली उतरून धक्का मारायचा. मायलेकरांनी घामाघूम होऊन ती गाडी चढावर ढकलली. उताराला बसायचे, चढाला ढकलायचे.

मला सर्वांत विशेष वाटले ते हे. बर्थाबाई दर वेळी नुसती गाडी सुरू करून पुढे गेल्या नाहीत. का थांबली, कुठे थांबली, चढावर थांबली की सपाटीवर, हे त्यांनी लक्षात ठेवले. तेल, तार, पाणी, साखळी, ब्रेक, प्रत्येकाचे दुखणे निराळे आणि औषध निराळे. शिवाय जे स्वतःला येत नव्हते ते त्यांनी लोहाराला आणि मोच्याला विचारले. त्या लोहाराने आणि मोच्याने मोटार तरी कुठे पाहिली होती? पण त्याला साखळी समजत होती आणि याला चामडे समजत होते.

दिवस मावळता मावळता तिघे धुळीने माखून फोर्त्सहाईमला पोचली. तिथून कार्लसाहेबांना सुखरूप पोचल्याची तार केली. इकडे त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल ते ज्याचे त्याने समजावे. काही दिवसांनी तिघे त्याच गाडीने मानहाईमला परत आली.

घरी आल्यावर बर्थाबाईंनी नवऱ्याला सगळे सांगितले. चढासाठी गाडीला आणखी एक जोर देणारा गिअर हवा, ब्रेक असे नकोत तसे हवेत. नवऱ्यानेही ते मनाला लावून न घेता ऐकले, हा त्या माणसाचा मोठेपणा. चढासाठी जादा गिअर बसवला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिक शहराच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. लोकांची हसण्याची पद्धत बदलली. पॅरिसहून मागणी आली, मग इतर ठिकाणांहून. 1899 साली या कारखान्याने वर्षाला 572 गाड्या केल्या आणि त्या वेळी तो जगातला सर्वांत मोठा मोटार कारखाना होता. अकरा वर्षांपूर्वी तीच गाडी चढावर ढकलावी लागत होती.

पुढे हे कुटुंब लाडेनबुर्ग या लहान गावी राहायला गेले. 1926 मध्ये बेंझ कंपनी दायम्लर कंपनीत मिळाली. 4 एप्रिल 1929 रोजी कार्लसाहेब वारले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. कार्लसाहेबांनी आठवणींचे पुस्तक लिहिले होते, त्यात त्यांनी बायकोचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. संसाराची नाव बुडायला आली होती तेव्हा त्या लहानशा नावेत आपल्याबरोबर एकच माणूस टिकून राहिले आणि ते म्हणजे आपली पत्नी, अशा आशयाचे त्यांनी लिहिले.

3 मे 1944 रोजी, पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठाने बर्थाबाईंना मानाचे सभासदत्व दिले. ही तीच संस्था, जिथे त्यांचे यजमान तरुणपणी शिकले आणि जिथे मुलगी म्हणून त्यांना स्वतःला कधी प्रवेश मिळाला नसता. त्यानंतर दोनच दिवसांनी, 5 मे 1944 रोजी, त्यांनी लाडेनबुर्गच्या घरी डोळे मिटले. जगाने त्यांची खरी आठवण काढली ती आणखी उशिरा. 2008 साली त्यांच्या त्या वाटेला, जाऊन-येऊन सुमारे 194 किलोमीटरच्या रस्त्याला, त्यांचे नाव देण्यात आले. अमेरिकेतल्या मोटारींच्या कीर्तिमंदिरात कार्लसाहेबांचे नाव 1984 मध्ये गेले, बर्थाबाईंचे 2016 मध्ये. नवऱ्यामागून बत्तीस वर्षांनी का होईना, पण पोचल्या.

पुस्तक मिटले आणि मला आपला घाट आठवला. आपली गाडी सपाटीला नीट चालली आणि चढावरच बंद पडली. थोडी थांबली की पुन्हा सुरू झाली. ही खूण आपल्या डोळ्यांपुढे चार वेळा येऊन गेली आणि आपण तिच्याकडे न बघता नशिबाला बोल लावीत बसलो. संध्याकाळी मी ड्रायव्हरदादांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले की गॅरेजमध्ये दाखवल्यावर डिझेल गाळणारी जाळी, म्हणजे फिल्टर, गाळाने भरलेला निघाला. सपाटीला इंजिनाला थोडे तेल पुरते. चढावर जास्त लागते, ते तुंबलेल्या फिल्टरमधून पोचत नाही आणि इंजिन गुदमरते. थांबले की हळूहळू तेल झिरपून येते, म्हणून पुन्हा सुरू होते. म्हणजे बर्थाबाईंच्या नळीचे दुखणे आणि आपल्या टेम्पोचे दुखणे एकाच जातीचे! फिल्टर बदलल्यावर गाडी नीट झाली. तेवढ्या एका फिल्टरपायी मी मंडळाचा धंदा बंद करायला निघाले होते, याची मला लाज वाटली.

पुढच्या बैठकीत मी माझा शब्द मागे घेतला, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा कारण नीट सांगता आले नव्हते, ते आज लिहिले. त्यानंतर आपण त्याच घाटाने चार वेळा पाचगणीला जाऊन आलो आहोत.

जाता जाता, गाडी वाटेत बंद पडू लागली तर आपण बायकांनी काय करावे, ते ड्रायव्हरदादांना विचारून लिहून ठेवते. गाडी आचके देऊ लागली की घाबरून रस्त्याच्या मध्येच थांबू नये. जोर आहे तोवर डाव्या कडेला घ्यावी आणि धोक्याचे दिवे लावावेत. इंजिन बंद पडले की ब्रेक आणि वळवायचे चाक जड लागू शकते, तेव्हा पाय आणि हात घट्ट ठेवावेत. घाटात चाकामागे दगड लावावा आणि निघताना तो आठवणीने रस्त्यावरून बाजूला करावा, नाहीतर मागून येणाऱ्याचा घात होतो. उतरून उभे राहायचे ते वाहतुकीच्या बाजूला नव्हे. इंजिन तापले असेल तर पाण्याचे झाकण लगेच उघडू नये, कुकरचे झाकण वाफेसकट उघडल्यासारखे होईल. आजच्या गाड्यांत पिन आणि पट्टे घालायला जाऊ नये, ते काम मेस्त्रीचे. मात्र गाडी केव्हा बंद पडली, चढावर की सपाटीला, तापल्यावर की सकाळी, झटक्यात की आचके देत, हे ध्यानात ठेवून मेस्त्रीला सांगावे. निम्मे निदान त्यात असते. आजारी मुलाला डॉक्टरांकडे नेताना ताप केव्हा चढतो हे आईच सांगते ना!

संसाराची गाडीही अशीच अधूनमधून अडते. मंडळाचीही या इतक्या वर्षांत किती वेळा अडली. दर वेळी कुणीतरी खाली उतरून बघितले, कुणी धक्का मारला, म्हणून आज हा वाढदिवस आपण करीत आहोत. पुढच्या महिन्यात आपल्यातल्या दोघी गाडी चालवायला शिकणार आहेत. त्यांपैकी एक मी आहे. वय चव्वेचाळीस. बर्थाबाईंपेक्षा पाच वर्षांनी उशीर झाला, पण आपल्याला रस्ता तरी डांबरी मिळाला आहे.